उन्हाळ्यापूर्वीचे पाणी : पवनीकडील बोड्या आणि तलाव

मराठीत स्विमिंग पूललाही आपण तलावच म्हणतो, पोहण्याचा तलाव. फरशी बसवलेली ती चौकोनी टाकी आणि गावाबाहेरचे कमळांनी भरलेले पाणी यांना एकच नाव कसे, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील. आकार, वय, मालक सगळेच वेगळे. पण उन्हाळा तोंडावर आला की दोन्हींपुढे तीच अडचण उभी राहते. साचलेले पाणी तापत जाणार, आटत जाणार, हिरवे होणार. त्याआधी काही करावे लागते. ते काय, आणि कोणी करायचे, या प्रश्नाला भंडारा जिल्ह्यात मोठा इतिहास आहे.

सुरुवात टाकीपासून करू, कारण ती सोपी आहे. बंगल्याच्या मागे आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असा तलाव आहे असे धरू. होळी झाली की तो उघडतात. हिवाळाभर पडून राहिलेल्या पाण्यात पालापाचोळा असतो, भिंतींवर बुळबुळीत हिरवा थर असतो, तळाशी बारीक माती असते. पाला जाळीने काढायचा, भिंती घासायच्या, तळाचा गाळ ओढून घ्यायचा, वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवायचा. मग तुरटी. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे भुरभुरीत पुंजके तयार होतात आणि गढूळपणा घेऊन खाली बसतात. शेवटी ब्लीचिंग पावडर. पाणी 48 घनमीटर, म्हणजे 48,000 लिटर. दर लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन हवा तर 48 ग्रॅम क्लोरीन लागेल. पावडरीत वजनाच्या पाव ते एकतृतीयांश क्लोरीन मिळतो, तेव्हा दीडशे ते दोनशे ग्रॅम पावडर पुरते. (उघड्या पोत्यात, उन्हाळ्याच्या उकाड्यात ठेवलेल्या पावडरीचा जोर झपाट्याने कमी होतो. शाळेची विहीर शुद्ध करताना हे लक्षात असू द्यावे.)

हा क्लोरीनचा उपाय फार जुना नाही. अमेरिकेतील जर्सी सिटीने 1908 मध्ये शहराच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन घालायला सुरुवात केली. त्यानंतर दोनतीन वर्षांतच तिथल्या ब्राऊन विद्यापीठात पोहण्याच्या तलावावर तो वापरून पाहण्यात आला.

आता हाच हिशेब एक हेक्टरच्या तलावाला लावा. सरासरी खोली दीड मीटरच धरली तरी पाणी 15,000 घनमीटर भरते आणि 45 ते 60 किलो पावडर लागते, तीही एका वेळेपुरती. चिखल, पाने, शेवाळ यांच्यावरच तिचा बराचसा भाग खर्च होईल. शिवाय एक अडचण रसायनशास्त्राची आहे. पाणी अल्कधर्मी होत गेले की क्लोरीनची जंतुनाशक शक्ती घटते. सामू साडेसात असताना त्याचा निम्मा भाग प्रभावी रूपात असतो, साडेआठला जेमतेम दहावा हिस्सा. हिरव्या पाण्यात भर दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि सामू नऊच्याही वर जाऊ शकतो. म्हणजे जिथे औषधाची गरज जास्त, तिथेच ते निकामी. तलाव पुडी टाकून तयार होत नाही. तो वर्षभर राखावा लागतो.

पवनी हे वैनगंगेच्या काठावरचे प्राचीन गाव. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा मोठ्या बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. गावाच्या तीन बाजूंना मातीचा उंच परकोट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी आणि घाट. लागूनच बालसमुद्र नावाचा तलाव. नदी पायाशी असताना तलाव कशाला, असे वाटेल. पण इथली नदी खोल पात्रातून वाहते आणि धानाची शेती वर असते. धानाला भाद्रपद-आश्विनात पाऊस ओढ देतो तेव्हा वरून येणारे पाणी लागते. म्हणून पूर्व विदर्भाच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत उताराच्या प्रत्येक खोलगट जागी पाळ घालून पाणी अडवलेले दिसते. अशा जुन्या तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. यांतले मोठे ते तलाव, आणि शेतकऱ्याने स्वतःच्या शेताच्या वरच्या अंगाला, स्वतःपुरती केलेली ती बोडी. घरच्या तलावाचा खरा भाऊ शोधायचा तर तो ही बोडी. मुले तिच्यात डुंबतात, म्हशी बसतात, बाया कपडे धुतात, आणि पाऊस दगा देतो तेव्हा खालच्या बांध्या तिच्यावर तगतात.

हे तलाव कोणी केले? याचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजाला दिले जाते. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना आपल्या पूर्वजांना बरोबर आणले अशी या समाजातली परंपरा आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 सालच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात तिची नोंद सापडते. जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन, असा गोंड राजांचा शिरस्ता होता असेही सांगतात. त्या वेळी दुर्बिणीची लेव्हल नव्हती. पावसाळ्यात पाणी कुठून धावते आणि कुठे थबकते हे पाहून पाळीची जागा ठरे. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगाव बांध हा यांतला सर्वांत नामांकित. तो अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे मानतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी तेवढ्या मातीने बुजवल्या आणि बाकीचे काम डोंगरांवर सोपवले. कमीत कमी माती टाकून जास्तीत जास्त पाणी अडवण्याचे याहून चांगले उदाहरण शाळेत शिकवायला मिळणे कठीण.

जुन्या तलावाचे अवयव थोडेच. पाळ, पाणी सोडायचे तुडूम, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सलंग, आणि खालच्या शेतांकडे जाणारी नहर. पण पाचवा अवयव नकाशात दिसत नाही. तो म्हणजे येवा, ज्या रानातून पाणी तलावात उतरते तो सगळा उतार. रान राखले तर येणारे पाणी निवळ, रान उघडे पडले तर त्याच पाण्याबरोबर माती.

या तलावांचे उन्हाळ्याचे काम दिवाळीनंतरच सुरू होई. धान निघाले की तलावातले पाणी ऊस, गहू यांना पुरवून सोडत. पातळी उतरत जाई आणि उघड्या पडलेल्या ओल्या काठावर गाळपेर होई. दरम्यान उरलेले पाणी आपोआप निवळत असे. आपोआप म्हणजे किती वेळात, हे वर्गात काढून पाहण्यासारखे आहे. मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा मातीचा कण स्थिर पाण्यात दिवसाला साधारण तीस सेंटिमीटर खाली बसतो. दीड मीटर खोलीला पाच दिवस. कणाचा व्यास एकचतुर्थांश केला की वेग सोळा पटींनी घटतो आणि पाच दिवसांचे ऐंशी होतात. त्याहून बारीक कण बसतच नाहीत, कारण त्यांच्यावरचे सारखे विद्युत्भार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. तिथे तुरटी लागते, किंवा घरच्या पाण्यापुरती निवळीची बी. माठाच्या आतल्या अंगावर बी उगाळली की तिच्यातले लांब साखळीचे रेणू कणांना एकमेकांशी सांधतात. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवणाऱ्या सात वस्तू दिल्या आहेत. त्यांत कतक म्हणजे ही निवळी आहे, कापड आहे, मोती आणि मणी आहेत, आणि कमळाचा कंद व शेवाळाचे मूळही आहे. मोत्यांचे आम्ही काही सांगू शकत नाही. पण पाण्यातल्या वनस्पती पाण्याचा वेग मोडतात, गाळ धरून ठेवतात आणि तो पुन्हा ढवळू देत नाहीत, हे आजचे सरोवरशास्त्रही मान्य करते. निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही असा दृष्टांत मनुस्मृतीत येतो. योजना जाहीर करणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

चैत्र-वैशाखात तळ उघडा पडला की खरे काम. बैलगाड्या तलावात उतरत आणि गाळ बांध्यांत जाई. हे शेतीसाठी केले जाई, पाण्यासाठी नव्हे, असे कोणी म्हणेल. पण दोन्ही एकच आहे, आणि आमच्या मते या सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. 1973 मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छोट्या सरोवराच्या मध्यावर पडदा घालून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले, एकात मात्र त्याबरोबर फॉस्फरसही घातला. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. वरून काढलेले त्याचे छायाचित्र जगभर गाजले. आता हा फॉस्फरस तलावात कोठे साठतो? गाळात. आणि उन्हाळ्यात तो वर येतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसात. तळाशी कुजणारा पाला तोही संपवतो. प्राणवायू संपला की लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरस चिखलातून सुटतो आणि वरचे शेवाळ त्यावर पोसते. रात्री तेच शेवाळ श्वसनासाठी उरलासुरला प्राणवायू खाते, म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढताना दिसतात. गाडीभर गाळ शेतात नेणारा शेतकरी तलावातला आजार उचलून शेतात खत म्हणून टाकत होता. उघड्या तळाला ऊन लागून भेगा पडत, हवा आत शिरे, कुजका माल जळून जाई. फिल्टर उलटा धुण्याचेच हे रूप, फक्त वर्षातून एकदा.

एका बाबतीत मात्र जुन्या व्यवस्थेची भलावण करता येत नाही. निवळ पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. 1884 च्या आरंभी रॉबर्ट कॉख कलकत्त्यात पटकीचे जंतू शोधत होते. रुग्णांच्या आतड्यांत ते सापडले होतेच. मग शहरालगतच्या एका वस्तीत पटकीची साथ आली आणि तिथल्या तळ्याच्या पाण्यातही कॉख यांना तेच स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू मिळाले. त्याच तळ्यात लोक अंघोळ करीत, रोग्याचे कपडे धूत आणि तेच पाणी पीत. उन्हाळ्यात पाणी आटते म्हणजे माणसे तेवढीच राहतात आणि पाणी थोडे उरते. नारूचेही तसेच. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी उतरला की जखमेतून कृमीची पिल्ले पाण्यात सुटत, सायक्लोप्स नावाचा सूक्ष्म जीव ती गिळी आणि पाणी पिणाऱ्याच्या पोटात हे सगळे जाई. पायऱ्या बंद करणे, पाणी गाळून पिणे आणि औषध टाकणे यांवर भर देऊन देशाने नारू हटवला. शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. तेव्हा डुंबायचे पाणी वेगळे आणि प्यायचे वेगळे, हा नियम तलाव कितीही निर्मळ दिसला तरी मोडू नये.

मग ही दरवर्षीची कामे थांबली कशी? एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत इंग्रजांनी मध्य प्रांतात जमाबंदी केली तेव्हा गावचा सारा गोळा करणारा मालगुजार गावाचा मालक ठरला, आणि तलावही त्याचे झाले. मालगुजार काही साधुपुरुष नव्हता. वेठबिगारीच्या, जुलमाच्या आठवणीही लोकांना आहेत. पण तलाव फुटला तर त्याचा सारा बुडे. म्हणून उन्हाळ्यात पाळीवर माती पडे, तुडूम तपासले जाई, कुळांना कामाला यावे लागे आणि त्याबदल्यात पाणी मिळे. 1950 च्या कायद्याने मालकी हक्क रद्द झाले आणि 31 मार्च 1951 पासून तलाव सरकारजमा झाले. कायदा न्याय्यच होता. मात्र जमिनीबरोबर तलाव घेताना त्यांच्यामागचे दरसालचे काम कोणाच्या नावावर चढवायचे, हे नीट ठरले नाही. लोक म्हणाले, पाणी आमच्या हक्काचे, पाणीपट्टी कसली? सरकार म्हणाले, पट्टी नाही तर दुरुस्ती कशातून? तंटे चालत राहिले. मधल्या काळात हा भाग 1956 मध्ये मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. कागदोपत्री त्यांना नाव पडले माजी मालगुजारी तलाव, आणि त्याचे संक्षिप्त रूप मामा तलाव. नात्याने मामा, पण भाचरांची जबाबदारी कोणावर, ते कोणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

गाळ चढला, पाणी उथळ झाले, काठाने बेशरम माजली. उथळ पाणी लवकर तापते आणि बाष्पीभवन खोलीवर नव्हे तर पृष्ठभागावर अवलंबून असते. मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडते असे धरले, तर हेक्टरभर तलावातून रोज शंभर घनमीटर पाणी जाते. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. तेवढेच पाणी निम्म्या जागेत पण दुप्पट खोल असते तर पाचच गेले असते. बोड्यांचे त्यामानाने बरे. त्यांना मालक होता. पण विहिरीवर पंप आल्यावर अनेक मालकांना बोडीपेक्षा तिच्या जागेतली बांधी जास्त मोलाची वाटू लागली.

अलीकडे गाळ काढण्याच्या योजना पुन्हा आल्या. राज्याची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना 2017 मध्ये सुरू झाली. कल्पना जुनीच आणि योग्य. काळजी एकाच गोष्टीची वाटते. फावड्याने आणि गाडीने गाळ काढणारा माणूस खाली चिकणमातीचा घट्ट थर लागला की थांबे, कारण तो थर फोडला तर पाणी खाली झिरपून जाते. यंत्राला ते कळत नाही, आणि घनमीटरवर पैसे मिळणाऱ्याला कळून उपयोग नसतो. दुसरे असे की जुन्या तलावाचा तळ परातीसारखा असतो. काठावरून आत गेलेले पोर गुडघाभर, कमरेभर, छातीभर अशा पायऱ्यांनी जाते. यंत्राने काढलेला खड्डा उभ्या कडेचा असतो. पहिल्या पावसात तो भरला की वरून काहीच दिसत नाही. कालपर्यंत कमरेइतके पाणी होते तिथे आज पाय टेकत नाही. गाळ काढण्याचे काम चालू असेल त्या गावातल्या शिक्षकांनी मे महिन्यातच मुलांना घेऊन कोरडा तळ हिंडून यावे, खड्डे कुठे आहेत ते पाहावे आणि नकाशा करून शाळेत लावावा.

पवनीच्या उत्तरेला, नदीच्या वरच्या अंगाला, गोसीखुर्दचे धरण आहे. त्याची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. शेकडो बोड्या पोटात मावतील एवढा हा जलाशय. पण त्याचाही येवा आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते, आणि ते याच साठ्यात येऊन थांबते. जलपर्णी आणि हिरव्या पाण्याच्या तक्रारी त्यातूनच आल्या. इतक्या पाण्याला ना तुरटी पुरे, ना बैलगाडी. त्याची उन्हाळ्याची तयारी नागपुरातच करावी लागेल.

लहान तलावांच्या बाबतीत मात्र काही घडले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था, तिचे मनीष राजनकर आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ढीवर समाजाच्या स्त्रिया यांनी काही तलाव पुन्हा हाती घेतले. तलाव सरकारचे आणि शेती इतरांची, पण मासे हे ढिवरांचे पोट. तेव्हा पाणी उन्हाळ्यात जिवंत राहावे ही निकड सर्वांत आधी त्यांना कळली. त्यांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरला आणि कोणत्या वनस्पतीत कोणता मासा राहतो, अंडी घालतो, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या वनस्पती चिखलात लावल्या. पुस्तकात नसलेली ही माहिती अजून काही जणांच्या डोक्यात होती, एवढे आपले नशीब.

शाळेला हे सगळे झेपणारे नाही. पण एक प्रयोग झेपतो. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये समुद्राच्या पाण्याचा निवळपणा पांढरी तबकडी सोडून मोजला. वीतभर व्यासाची पांढरी थाळी घ्यावी, मध्यभागी भोक पाडून दोरी ओवावी, खाली दगड बांधावा आणि दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारावी. पोहता येणारा मोठा माणूस बरोबर असावा. होळीपासून मृगापर्यंत आठवड्यातून एकदा, दुपारी त्याच वेळी, बोडीच्या त्याच जागी ती सोडायची आणि दिसेनाशी होते तिथली गाठ मोजायची. वहीत तीन रकाने पुरतात : तारीख, गाठी, आणि त्या आठवड्यात बोडीत काय घडले. म्हशी बसल्या, गाळ काढला, वादळी पाऊस झाला, कोणी काही टाकले. आधी आठ गाठी, मग सहा, मग तीन.